कानाला दडे बसले तर: मळ, थेंब आणि दवाखान्याची वाट

कान बंद वाटायला लागला की आपल्याकडे हात आधी काडेपेटीकडे जातो. काडी नसेल तर किल्ली, हेअरपिन, उदबत्तीची काडी, रानात असलो तर तुराटीचं टोक. ते झालं की लसूण घालून तापवलेलं तेल. दवाखाना शेवटी, आणि तोवर साधा मळ राहिलेला नसतो, कान सुजलेला असतो.

आमच्या नानांच्या कानाला मशीन आहे, साखरही आहे. त्यामुळे कान-नाक-घशाच्या ओपीडीतल्या बाकावर बसणं आमच्या घराला नवं नाही. त्या बाकावर माणसं एकमेकांना तेच तेच विचारत असतात: थेंब किती दिवस घालायचे, पिचकारीने पडदा फाटतो का, कोणता कागद लागतो. त्याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण एक गोष्ट पक्की कळली आहे: आत काय आहे ते कुणीतरी उजेडात पाहिल्याशिवाय कानात काही घालायचं नाही. पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

## 1. मळ कुठून येतो ते आधी समजून घ्या

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या शेवटाला पडदा. मळ तयार होतो तो नळीच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. तिथल्या ग्रंथींचा चिकट स्राव, झडलेली कातडी, बारीक केस आणि धूळ मिळून तो होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, जंतू आणि बुरशीला अटकाव करतो, पाणी आत मुरू देत नाही. म्हणजे थोडा मळ कानात असलाच पाहिजे.

तो आपोआप बाहेरही येतो. नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. आपण बोलतो, भाकरी चावतो तेव्हा जबड्याच्या हालचालीने त्याला हातभार लागतो. बाहेर आलेला मळ अंघोळीनंतर पंचाच्या कोपऱ्याने पुसला की काम झालं. बोटाचं टोक जिथवर जातं तिथवरच पुसायचं.

पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. तरी तपासताना पडद्याला चिकटलेला मळ सापडला, तर बहुतेक वेळा तो कुणीतरी आत ढकललेला असतो. बंदुकीत दारू ठासावी तसा कापसाचा बड मळ आत ठासतो. बडाला थोडं पिवळं लागतं, माणसाला वाटतं कान साफ झाला.

रंगाने घाबरू नका. ताजा मळ मधासारखा पिवळसर असतो, जुना झाला की तपकिरी, अगदी काळाही होतो. काहींचा चिकट, काहींचा कोरडा आणि भुरभुरीत असतो. ते घराण्यातून येतं, अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही.

साचतो कुणाच्या कानात? वय झालेल्यांच्या, कारण वयाबरोबर मळ कोरडा होतो आणि कानातले केस जाड होतात. नळी अरुंद किंवा वाकडी असलेल्यांच्या. मशीन किंवा दिवसभर इअरफोन लावणाऱ्यांच्या. शिवाय सोयाबीनच्या मळणीला किंवा जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या कानात भुस्सा आणि कापसाचं तूस मळात मिसळून गोळा घट्ट होतो. हडंब्यापाशी, म्हणजे मळणी यंत्रापाशी, उभं राहताना रुमाल कानावरून बांधा. नंतर कान कोरत बसण्यापेक्षा हे सोपं.

## 2. हा मळच आहे का?

मळाचे दडे ओळखायची साधी खूण: हळूहळू कमी ऐकू येतं, कान भरल्यासारखा वाटतो, आपलाच आवाज घुमतो, कधी खाज, कधी बारीक गुणगुण. पुष्कळदा अंघोळ केल्यावर किंवा विहिरीत पोहून आल्यावर कान एकदम बंद होतो, कारण आतला मळ पाण्याने फुगतो आणि उरलेली फटही बुजते. काहींना खोकलाही येतो. कानाच्या नळीत ज्या मज्जातंतूची शाखा येते त्याचंच जाळं घशाकडेही जातं, म्हणून. खोकल्याचं औषध घेऊन दमलेल्या एका आजोबांचा खोकला कानातला गोळा निघाल्यावर थांबलेला त्या बाकावरच ऐकला.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. तोंड मिटून ‘म्म्म’ असा एकसुरी हुंकार द्या आणि तो कोणत्या कानात मोठा वाजतो ते बघा. बंद वाटणाऱ्या कानात मोठा वाजला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची, म्हणजे मळाची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाजला, तर बिघाड आतल्या नसेकडे असू शकतो. हा फक्त अंदाज. पण दुसरा प्रकार निघाला तर थांबू नका.

एका कानाचं ऐकणं अचानक, रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ते मळ समजून थेंब घालत बसू नका. नसेचा अचानक बहिरेपणा असाच येतो. दुखत नाही, वाहत नाही, फक्त दडे बसल्यासारखं वाटतं. त्यावर गोळ्यांचा उपचार असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका ऐकणं परत येण्याचा संभव जास्त. पहिले काही दिवस मोलाचे. ‘मळच असेल, आठवडाभर थेंब घालून बघू’ म्हणणाऱ्यांचे नेमके तेच दिवस जातात. माझ्या मते या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

याशिवाय पुढचं काही असेल तर घरगुती काहीच न करता सरळ डॉक्टर गाठा:

- कानातून पू, घाण वासाचं पाणी किंवा रक्त येतंय
- जोराचं ठणकतंय, ताप आहे
- घर फिरल्यासारखी चक्कर येतेय
- चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटतेय
- लहानपणी कान फुटलेला किंवा वाहत असलेला, किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं

शेवटचा मुद्दा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम विचारा. ‘पोरपणी वाहायचा, मग आपोआप थांबला’ असं सहज सांगतात. वाहणं थांबलं म्हणजे पडद्याचं भोक बुजलं असं नसतं.

## 3. काय करायचं नाही

बड, काडी, कानकोरणं. वर सांगितलं. एक भर: बड कानात असताना पाठीमागून पोरगं धावत येऊन गळ्यात पडतं किंवा कुणाचा धक्का लागतो. पडदा फाटण्याचे किस्से असेच असतात.

तापवलेलं लसणाचं तेल. तेल कढईतून काढल्यावर किती गरम राहतं याचा अंदाज बोटाला येत नाही आणि नळीची कातडी बोटापेक्षा फार नाजूक. त्यात लसणाचा रस कातडी भाजतो. पावसाळ्यात तेलकट, दमट कान म्हणजे बुरशीला आयती जागा. मग खाज सुटते, खाजवलं की पुन्हा जखम. बाळाला न्हाऊ घालताना कानात तेलाची धार सोडायची रीतही बंदच करा. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या.

बाजारातले कान साफ करणारे. बस स्टँडवर, आठवडी बाजारात, जत्रेत डोक्याला रंगीत फेटा आणि त्यात खोचलेल्या सळया घेऊन फिरतात. तीच सळई शंभर कानांत जाते. आणि कानातून काढून दाखवतात तो पांढरा खडा? तो हाताच्या पेरात आधीच असतो. कानात खडे तयार होत नाहीत.

मोबाईलला जोडायचा कॅमेरावाला चमचा. ऑनलाइन मिळतो, पोरांना फार आवडतो. चित्र मोठं दिसतं, पण चमचा किती आत गेला ते कळत नाही. डॉक्टर दोन हातांनी, डोक्यावरच्या उजेडात किंवा दुर्बिणीखाली जे करतात ते पलंगावर पडून एका हाताने होत नाही.

कानात लावायच्या मेणबत्त्या. खाली जमतो तो मेणबत्तीचाच मेण. कान भाजल्याची उदाहरणं आहेत, मळ निघत नाही.

जुनी बाटली. मागे कधीतरी कान दुखला तेव्हा आणलेले थेंब फ्रीजच्या दारात पडलेले असतात. त्यात अँटिबायोटिक, स्टिरॉइड काहीही असू शकतं. मळाशी त्याचा संबंध नसतो, उलट बुरशी वाढू शकते.

## 4. घरी मळ मऊ कसा करायचा

डॉक्टरांनी पडदा शाबूत आहे असं सांगितलं असेल, वाहण्याचा इतिहास नसेल, दुखत नसेल, तरच हे करा. साखर असलेल्यांनी विचारल्याशिवाय नाही.

लागतं ते एवढंच: मळ मऊ करायचे थेंब, ड्रॉपर, उशी, स्वच्छ रुमाल.

औषध दुकानात ‘मळाचे थेंब’ म्हणून जे मिळतात त्यांत बऱ्याचदा पॅराडायक्लोरोबेंझीन, टर्पेंटाइन तेल आणि थोडं बधिर करणारं औषध असतं. काहींना ते चरचरतं. सोडिअम बायकार्बोनेटचे म्हणजे खायच्या सोड्याच्या जातीचे थेंबही असतात, ते सौम्य, पण कान कोरडा करतात. साधं ऑलिव्ह तेलही चालतं. तेलाला माझा सरसकट विरोध नाही. तापवलेल्या, मसाल्याच्या आणि रोजच्या तेलाला आहे. सोड्याची पूड घरीच पाण्यात कालवून मात्र घालू नका.

कृती अशी:

बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट होऊ द्या. आधी मनगटावर एक थेंब टाकून बघा. परभणीच्या डिसेंबरात थेंब गार लागतो आणि उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेली बाटली तापलेली असते. दोन्हीने गरगरतं, कारण आतल्या कानाला तापमानातला फरक लगेच कळतो.

बंद कान वर येईल असं कुशीवर झोपा. दुसऱ्याने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. तीन-चार थेंब सोडा. पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. मग उठून रुमालावर कान उलटा करा, निघेल ते निघू द्या. कापसाचा बोळा कोंबू नका, थेंब तोच पिऊन टाकतो.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. वेष्टनावर किंवा चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

इथे एक गोष्ट माणसं चुकवतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी कान आणखी बंद होतो. मळ फुगलेला असतो, म्हणून. नाना तर म्हणाले, “हे काय घातलंस बाबा, होतं तेवढंबी आयकू येईना झालं.” घाबरून थेंब सोडायचे नाहीत आणि काडीही घ्यायची नाही. मात्र जळजळ वाढली, ठणका लागला किंवा थेंबाची चव घशात आली तर तिथेच थांबा. घशात चव येणं म्हणजे पडद्याला भोक असण्याची खूण.

काहींचा मळ एवढ्यावर आपोआप निघतो. नाही निघाला तरी मेहनत वाया जात नाही, कारण मऊ मळ डॉक्टरांना काढायला सोपा जातो.

## 5. कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कान बघून मळ आहे की नाही एवढं सांगू शकतात, पण काढण्याची साधनं सगळीकडे नसतात. कान-नाक-घशाचे तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. आपल्या मराठवाड्यात: छत्रपती संभाजीनगरची घाटी, आंबेजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था. निघण्याआधी कान-नाक-घशाची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवर किंवा गावातल्या आशाताईंकडून विचारून घ्या. एसटीचं भाडं घालून गेल्यावर ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकायला मिळालं की अख्खा दिवस जातो.

पैशाचं: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाखाली येतात, तिथे केसपेपरचे पैसे लागू शकतात. खासगीत जात असाल तर ‘तपासणीचे किती आणि मळ काढायचे वेगळे किती’ हे आधीच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पिशवीत घ्या:

- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- जुना केसपेपर, कानाची जुनी चिठ्ठी, ऑपरेशनचे कागद असतील तर तेही
- चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या
- साखरेचा अलीकडचा रिपोर्ट
- मशीन वापरत असाल तर ते, त्याच्या डबीसकट
- कानात घातलेल्या थेंबांची बाटली

बाटली न्यायला लाजू नका. ‘काही घातलं का?’ या प्रश्नाला बाकावरची बहुतेक माणसं ‘नाही’ म्हणतात आणि आतून तेल चमकत असतं.

सकाळी लवकर पोहोचा. केसपेपरची खिडकी आधी, मग ओपीडी. बहिऱ्या माणसाला एकटं पाठवू नका. नाव पुकारलेलं त्याला ऐकू येत नाही आणि नंबर निघून जातो.

## 6. डॉक्टर काय करतात

तीन पद्धती आहेत आणि कोणती वापरायची ते कान बघूनच ठरतं.

पहिली सिरिंज, म्हणजे पाण्याची पिचकारी. कानाखाली वाकडा स्टीलचा ट्रे धरायला देतात, खांद्यावर टॉवेल. अंगाइतकं कोमट पाणी नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात, थेट पडद्यावर नाही. पाणी मळाच्या मागे शिरतं आणि त्याला बाहेर लोटतं. आतून आवाज मोठा येतो, खळखळ आणि दणदण, पण दुखता कामा नये. दुखलं किंवा गरगरलं तर लगेच हात वर करा, ‘सहन करू’ म्हणू नका. मग ट्रेमध्ये टप्पकन तपकिरी गोळा पडतो, नळीच्या आकाराचाच, आणि पंख्याचा आवाज एकदम मोठा होतो. नाना दचकलेच. पडद्याला भोक असेल, कान वाहत किंवा सुजलेला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा दुसऱ्या कानाने ऐकूच येत नसेल, तर सिरिंज करत नाहीत. म्हणून तुमचा इतिहास त्यांनी विचारला नाही तरी तुम्ही सांगा.

दुसरी सक्शन. दुर्बिणीखाली बघत बारीक नळीने ओढून घेतात. घुर्र असा आवाज येतो, कधी थोडी चक्कर. पाणी वापरायचं नसेल तेव्हा हीच चांगली.

तिसरी हुक किंवा चिमट्याने. कोरड्या, कडक गोळ्यासाठी. यात मान हलवायची नाही, एवढंच तुमचं काम. खोकला येत असेल तर आधी सांगा.

फार कडक असेल तर थेंब लिहून देऊन परत बोलावतात. त्याला टाळाटाळ समजू नका. ओढून काढायचा आग्रह धरलात तर कातडी सोलली जाते.

मळ निघाल्यावर पडदा बघून घ्यायला सांगा आणि मळ निघूनही ऐकू कमी येत असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. त्यानंतर दोन-चार दिवस कान कोरडा ठेवा. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडावर लावा, अंघोळ झाली की काढा.

## 7. ज्यांनी जास्त जपायचं

साखर असलेले. त्यांच्या कानाला झालेली साधी जखम हाडापर्यंत जाणारा संसर्ग होऊ शकते. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका असेल तर सकाळी पहिली गाडी धरा. डॉक्टरांना साखर आहे हे सिरिंजच्या आधी सांगा, ते सक्शनचा विचार करतील.

मशीनवाले. मशीन शिट्टी मारायला लागलं की दुकानदाराकडे धावण्याआधी कान तपासून घ्या. मळाने आवाज परत फिरतो आणि शिट्टी येते. रोज रात्री मशीन काढल्यावर कोरड्या कापडाने पुसा, मळ अडवणारी जाळी बुजली असेल तर बदला. पाण्याने धुऊ नका. दर तीन ते सहा महिन्यांनी कान दाखवत राहा.

भरतीची पोरं. पोलीस किंवा सैन्यभरतीच्या मेडिकलला कानात मळ नको, हे मैदानावर सगळ्यांना माहीत असतं. म्हणून आदल्या रात्री लॉजवर बड चालतो, कान लाल होतो आणि डॉक्टर वेगळीच शंका घेतात. किमान दोन आठवडे आधी डॉक्टरकडून साफ करून घ्या आणि मग हात लावू नका.

लहान मुलं. त्यांना बड नाही, थेंबही विचारल्याशिवाय नाही. टीव्हीचा आवाज वाढवतंय, हाक मारली की बघत नाही, शाळेत लक्ष नाही अशी तक्रार आली तर आधी कान दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, तेव्हा बाईंना आठवण करून द्या. तिथून पुढे जिल्ह्याला पाठवतात.

## 8. कानात काही गेलं तर

जागलीला गेलेल्याच्या कानात किडा शिरणं आपल्याकडे नवं नाही. किडा जिवंत फडफडतो तेव्हा माणूस वेडापिसा होतो. पडदा चांगला असल्याची खात्री असेल तर साधं, न तापवलेलं खायचं तेल थोडं सोडा. किडा मरतो, फडफड थांबते. मग दवाखान्यात जाऊन काढून घ्या. स्वतः चिमटा घालू नका, पाय तुटून आत राहतात. गोचीड असेल तर ती चिकटून बसते, ओढायची नाही.

पोराने ज्वारी, हरभरा, तूर असा दाणा घातला असेल तर पाणी अजिबात नको. दाणा फुगतो आणि काढणं अवघड होतं. पोराला धरून, पिनेने उकरून काढायचा प्रयत्न करू नका. दुखत नसेल तर सकाळपर्यंत थांबता येतं.

घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल गेला असेल तर थांबायचं नाही. तो काही तासांत कातडी आणि पडदा जाळतो. तेल, पाणी, थेंब काही न घालता, रात्र असली तरी गाडी करून तज्ज्ञ असलेल्या दवाखान्यात निघा. सेल ज्या खेळण्यातला असेल ते खेळणं किंवा तसाच दुसरा सेल सोबत घ्या, आणि दारातच ‘कानात सेल आहे’ असं सांगा, म्हणजे केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.